वाजवून दाखवल्याशिवाय बाहेर नाही

वस्ताद गेल्याची बातमी ठाकठीकबाईंना एका शिवीनं कळली.

सकाळी साडेनऊला त्यांनी दुकानाचं शटर वर केलं, पंखा लावला, सोल्डरिंग गन तापत ठेवली, तोच फोन वाजला. पलीकडे पुरुषाचा आवाज, पन्नाशीतला, चांगला शिकलासवरलेला. त्यानं आधी शिवी दिली, मग विचारलं, "आता झालं समाधान?" आणि फोन आपटला. शिवी बाईंच्या ओळखीची होती. वर्षाकाठी दोन-चारदा ती पाहुण्यासारखी येऊन जायची. 'आता' तेवढं नवीन होतं. त्या एका शब्दावरून बाईंनी ताडलं की म्हातारा गेला. त्यांनी गनचं टोक ओल्या स्पंजवर पुसलं. चर्र झालं. "सुटला," त्या म्हणाल्या. कोण सुटला, हे त्यांचं त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

वस्ताद म्हणजे गिटारवाला. एके काळी तो नुसता स्टेजवर येऊन उभा राहिला तरी पुढच्या दोन रांगांतल्या खुर्च्यांचे पाय निखळायचे. त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गिटारचा जो आवाज होता, त्याला चाहते 'डरकाळी' म्हणायचे. घशात खडे भरलेल्या जनावरानं ओरडावं तसा तो आवाज. पोरं शाळा बुडवून ऐकायची, पोरींनी दप्तरावर त्याचं नाव कोरलं होतं. दुसऱ्या रेकॉर्डवर डरकाळी नव्हती. तिसऱ्यावरही नव्हती. नंतरच्या अकरा रेकॉर्डवर वस्ताद होता, केस होते, बूट होते, डरकाळी नव्हती. आणि ती कुणी मारली हे त्या पिढीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. सभागृहाच्या मागच्या गल्लीत जी बाई रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त करते, तिनं.

बाईंनी हे दुकान वडिलांकडून घेतलं होतं, आणि दुकानाबरोबर वडिलांच्या खोडीही. गिऱ्हाईक आलं की त्याची तक्रार त्याच्याच शब्दांत कार्डावर लिहायची. 'कुत्रा भुंकल्यासारखं होतं' म्हणाला तर 'कुत्रा भुंकल्यासारखं' असंच लिहायचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही. काढलेला जुना भाग फेकायचा नाही. चिठ्ठी बांधून माळ्यावर ठेवायचा, पावती घेऊन येईल त्याला तो द्यायचा, मग तो आज येवो नाहीतर वीस वर्षांनी. आणि टेबलावरची वस्तू, मग ती चालू असो की मेलेली, गिऱ्हाइकासमोर वाजवून दाखवल्याशिवाय उंबऱ्याबाहेर जायची नाही. वाजवायची, गिऱ्हाइकानं ऐकायची, कार्डावर सही करायची, मग बाई म्हणणार, "ठाकठीक." त्यावरून ते नाव पडलं. खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी एका चाहत्यानं दगड मारून फोडली त्याला बावीस वर्षं झाली.

एकतीस वर्षांपूर्वी वस्ताद स्वतः आला होता. पहिली रेकॉर्ड सहा महिन्यांपासून गाजत होती. त्यानं ॲम्प टेबलावर ठेवला आणि सांगितलं, बाईंनी लिहून घेतलं. आत पाहिलं तर स्पीकरचा कागदी पडदा दोन बोटं फाटलेला. बाईंनी अख्खा स्पीकर काढून नवा घातला. त्यानं गिटार लावून वाजवलं, मान डोलावली, सही केली, पावती खिशात कोंबली. जुना स्पीकर न्यायला तो कधी आला नाही. वर्षभरानं दुसरी रेकॉर्ड आपटली, तेव्हा रेडिओवर कुणीतरी विचारलं की वस्ताद, डरकाळी कुठं गेली? तो हसला आणि म्हणाला, "एका बाईनं ती दुरुस्त केली." बोलणारा बोलून गेला, ऐकणाऱ्यांनी पदराला गाठ मारून ठेवली.

बाईंनी तेव्हा एका वर्तमानपत्राला पत्र धाडलं होतं. छापून आलं नाही. मग त्यांनी ठरवलं, ज्याला विचारायचंय तो येऊन विचारील. एकतीस वर्षांत कुणी विचारायला आलं नाही. सुनवायला आले ते शेकड्यांनी.

आणि न विचारणारा एक तर घरातच होता.

बाईंचे यजमान बसचे ड्रायव्हर, आता निवृत्त. गल्ली त्यांना ड्रायव्हरकाका म्हणते. वस्तादची पहिली रेकॉर्ड त्यांनी लग्नाआधी घेतली होती. ती कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेली, एकतीस वर्षांत एकदाही लावली नाही. बायकोला वाईट वाटू नये म्हणून, असं ते सांगायचे. पण त्यांनी कधी 'काय झालं होतं गं तेव्हा?' असंही विचारलं नव्हतं, आणि बाईंना तेच सलायचं. जो विचारत नाही त्याला उत्तर माहीत असतं. त्या दिवशी दुपारी बाई वरच्या खोलीत जेवायला गेल्या तर न्हाणीघराचा नळ सोडलेला आणि बादली भरून वाहतेय. दहा मिनिटांनी काका बाहेर आले. डोळे लाल, हात कोरडे.

"काय धूत होतात?" बाईंनी विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "डोळ्यात साबण गेला."

"साबण परवाच संपलाय," बाई म्हणाल्या आणि पुढं जेवत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी चाहते आले. फुलं घेऊन आले, पण ती दुकानासमोर नाही, समोरच्या फुटपाथवर ठेवली, आणि सगळे दुकानाकडे पाठ करून उभे राहिले. साठ-सत्तर माणसं. काळे टीशर्ट पोटावर ताणलेले, गुडघ्याला पट्टे, दोघातिघांचे उरलेले केस मागं बांधलेले. विमा विकणारे, शाळेत गणित शिकवणारे, नातवंडं असलेले. त्यांच्या पाठी बाईंना दिवसभर दिसत राहिल्या. संध्याकाळी शटर ओढलं तर त्यावर कागद डकवलेला: 'डरकाळी इथे मेली.' शेजारच्या चावीवाल्यानं तो वाचला आणि म्हणाला की बाई, अक्षर बरंय हो, शिकलेली माणसं दिसतात. बाईंनी कागद फाडला. सकाळी नवा होता. बाईंनी तोही फाडला. तिसऱ्या दिवशी त्यांनी डिंकाला हात लावून पाहिलं आणि चावीवाल्याला सांगितलं की पिठाची खळ लावलीय, मेल्यांना साधं चिकटवताही येत नाही.

मग सभागृहाच्या मॅनेजरचा फोन आला. तिथले स्पीकर आणि माइक अठरा वर्षं बाई सांभाळत होत्या. कुठल्या खांबामागे आवाज बुडतो हे त्यांना पाठ होतं. मॅनेजर खोकला, हवापाण्याचं बोलला, आणि मग म्हणाला की रविवारी वस्तादांची शोकसभा आहे, तर मॅडम, तुम्ही येऊ नका. लोक भडकलेत. आणि पुढंही, म्हणजे, एक दुसरा माणूस बघितलाय. तरुण आहे.

"त्याला सांगा, डावीकडचा तिसरा खांब," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. मग बराच वेळ त्या हातातला स्क्रू ड्रायव्हर नुसताच फिरवत बसल्या.

कारण एक गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नव्हती. रेकॉर्ड गाजली त्यानंतर सहा महिन्यांनी स्पीकर फाटला, असं कार्डावर होतं. वस्तादच्याच शब्दांत: 'गेल्या आठवड्यापासून फरफरतोय.' पण चाळीस वर्षांच्या धंद्यात बाईंना एक कळलं होतं, वस्तू कधीपासून बिघडलीय हे गिऱ्हाईक खरं सांगत नाही. काल म्हणतो तेव्हा वर्ष झालेलं असतं. मग तो पडदा रेकॉर्डच्या आधीच फाटलेला असला तर? ती डरकाळी खरंच त्या दोन बोटांच्या चिरेतून येत असली तर? पडदा माळ्यावर होता. दोन वायरी जोडल्या की कळलं असतं. एकतीस वर्षांत बाईंनी त्या जोडल्या नव्हत्या. लोकांच्या शिव्या त्यांना पचायच्या. आपल्याच कानानं दिलेली एक शिवी पचली नसती.

शनिवारी सकाळी अकराला चाहत्यांचा म्होरक्या दुकानात आला. गल्ली त्याला ओळखत होती. चौकातला दातांचा डॉक्टर. त्याच्याबरोबर वस्तादची थोरली बहीण, ऐंशीच्या घरातली, काठी टेकत, सगळे जिला ताई म्हणायचे ती. मागून दोघांनी वस्तादचा ॲम्प उचलून आणला. डॉक्टरच्या हातात वस्तादची गिटार. दारात बघे जमले. चावीवाल्यानं स्टूल बाहेर काढून बसकण मारली. ड्रायव्हरकाकाही जिना उतरून दाराच्या चौकटीला टेकले, धड आत नाही, धड बाहेर नाही.

ताईंनी पर्समधून एक पिवळी पावती काढून टेबलावर ठेवली. वस्तादच्या जुन्या कोटात सापडली होती. डॉक्टरनं मग सांगितलं, बाईंकडे न बघता, जणू पंख्याशी बोलतोय. जुना स्पीकर परत हवाय. तो वस्तादांच्या ॲम्पमध्ये बसवायचा आणि उद्या शोकसभेत डरकाळी पुन्हा ऐकवायची. वाजवणार तो स्वतः. एकतीस वर्षं सराव केलाय. नंतर स्पीकर काचेच्या पेटीत कायमचा.

"द्यायलाच लागेल," तो म्हणाला. "पावती आहे. फेकला नसलात तर."

बाई शिडी लावून माळ्यावर चढल्या. खोका सापडायला एक मिनिटही लागलं नाही, आणि ते डॉक्टरच्या लक्षात आलं. त्यांनी चिठ्ठी आणि पावती जुळवून पाहिली. मग त्यांनी खोका टेबलावर ठेवला, पण हात त्यावरच राहिला. पावती होती, हक्क होता. देऊन टाकला असता तर उद्या सभागृहात काय ते ठरलं असतं, त्यांच्या पाठीमागे. पण भिंतीवर वडिलांच्या हातचा नियम लिहिलेला होता, चाळीस वर्षांत त्यांनी तो एकाही गिऱ्हाइकासाठी मोडला नव्हता.

"वाजवून दाखवल्याशिवाय बाहेर जाणार नाही," बाई म्हणाल्या.

डॉक्टर चिडला. हे पवित्र काम आहे, तुमच्या या खुराड्यात ते पहिल्यांदा वाजायचं नाही, असं काहीबाही बोलला. पहिल्यांदा मोडलं ते याच खुराड्यात, हे दारातून कुणीतरी पुरवलं आणि दोघंतिघं हसले. ताईंनी काठी आपटली. "उरकून टाका," त्या म्हणाल्या. "मला उभं राहवत नाही."

बाईंनी नवा स्पीकर काढला, जुना बसवला. हात नेहमीसारखा चालत होता, फक्त एक स्क्रू दोनदा पडला. काकांनी तो वाकून उचलून दिला. बाईंनी घेतला, त्यांच्याकडे न पाहता. ॲम्प तोच, गिटार तीच, वायर तीच, वस्तादनं टोकाला निळी चिकटपट्टी गुंडाळलेली. दिवा लागला. आतले काचेचे व्हॉल्व्ह तापायची सगळे वाट बघत होते. दारातल्या एका टकल्या माणसानं आताच डोळे मिटून घेतले.

डॉक्टरनं वाजवलं.

फर्रर्र झालं. डब्यात अडकलेल्या माशीसारखं. त्यानं पुन्हा वाजवलं, जोरात. फर्रर्र, जोरात. सूर बरोबर होते, एकतीस वर्षांचा सराव खोटा नव्हता. पण प्रत्येक सुराच्या शेपटीला कागद फडफडत होता. डरकाळीचा मागमूस नव्हता. बाईंचा कान पुढं झाला होता. पहिल्या सुरालाच त्यांना कळलं होतं, तरी त्यांनी डॉक्टरला अख्खं गाणं वाजवू दिलं. शेवटपर्यंत. एकही सूर माफ केला नाही.

तो थांबला तेव्हा डोळे मिटलेल्या टकल्यानं ते उघडले आणि शेजाऱ्याला विचारलं, "अजून जोडतायत का?"

डॉक्टरचे कान लाल झाले होते. बाईंनी काहीतरी केलंय, तो म्हणाला. वायर बदललीय. बाईंनी निळी चिकटपट्टी दाखवली. स्पीकर बदललाय. ताईंनी वाकून मागचा आकडा पावतीशी ताडून पाहिला, तोच. विजेचा दाब कमी असेल. बाईंनी मीटर त्याच्यापुढं सरकवलं.

"मग फरक कुठाय?" डॉक्टर ओरडलाच. "सगळं तेच आहे. फक्त हात वस्तादांचे नाहीत."

ते वाक्य टेबलावर पडलं होतं आणि सगळे त्याच्याकडे बघत होते. डॉक्टरनंही पाहिलं. त्यानं हळूच गिटारच्या तारांवर पंजा ठेवून फरफर बंद केली.

"हात त्याचेही राहिले नव्हते," ताई म्हणाल्या. त्या बाईंशी बोलत नव्हत्या, डॉक्टरशी बोलत होत्या. "पहिल्या रेकॉर्डच्या आधी पोरगा दिवसाचे नऊ तास वाजवायचा. मी कानात कापूस घालून स्वयंपाक करायची. ती गाजली आणि तुम्ही यायला लागलात. रोज. तूही असायचास, कोपऱ्यातल्या खुर्चीवर. वस्ताद, सही द्या, वस्ताद, गोष्ट सांगा. तो कधी वाजवणार होता? वर्षभरात बोटं दगड झाली. त्याला कळत होतं सगळं."

"मग हिचं नाव का घेतलं?" हे काका बोलले, चौकटीतून. इतका वेळ त्यांचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

ताईंनी खांदे उडवले. "तुम्हा चाहत्यांचं नाव घेतलं असतं तर घरी कोण आलं असतं?" मग पहिल्यांदाच त्या बाईंकडे वळल्या, आणि त्यांच्या नजरेत माफीबिफी काही नव्हती. "तुमचं काय बिघडलं? दुकान चाललंच की. नाव झालं तुमचं."

"झालं ना," बाई म्हणाल्या. "पाटी फुटली, नाव राहिलं. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, ताई. जिवंत होता तेव्हा तरी मला कुणी बोलू दिलं होतं?"

त्यांनी ते एकतीस वर्षांपूर्वीचं कार्ड काढलं. वर वस्तादची तक्रार, खाली त्याची सही. त्याखाली रिकाम्या जागेत बाईंनी ठळक अक्षरात लिहिलं: 'जुना स्पीकर, त्याच ॲम्पवर, त्याच गिटारवर वाजवून दाखवला. फाटलेला आहे. बाकी काही नाही.' तारीख घातली आणि कार्ड डॉक्टरपुढं ठेवलं.

"सही करा आणि घेऊन जा."

डॉक्टर म्हणाला की हे मी लिहून देणार नाही. बाई म्हणाल्या की नका देऊ, स्पीकर माळ्यावर जाईल, माळ्याची त्याला सवय आहे. दारात चुळबुळ सुरू झाली. पेटी तयार आहे, कुणीतरी म्हणालं. काच बसवून झालीय. दुसरं म्हणालं, अरे कोण वाचतंय ते कार्ड, कर की सही. डॉक्टरनं एकदा स्पीकरकडं पाहिलं, एकदा कार्डाकडं. बाईंना त्या क्षणी त्याचा चेहरा नीट दिसला. खरं काय ते त्याला कळलं होतं, आणि तरी त्याला तो फाटका कागद हवा होता, खऱ्यापेक्षा जास्त. त्यानं सही केली. डॉक्टरांची असते तशी, वाचता न येणारी. बाईंनी कार्ड परत त्याच्याकडं सरकवलं.

"खाली नाव लिहा. सुटं सुटं."

त्यानं सुटं सुटं लिहिलं. ताईंनीही सही केली, शाळेतल्या मुलीसारखी गोल. खोका गेला, ॲम्प गेला, माणसं पांगली. 'ठाकठीक' बाई म्हणाल्या नाहीत, आणि ते चावीवाल्याच्या बरोबर लक्षात आलं.

काका तेवढे राहिले. ते टेबलाजवळ आले, एक स्क्रू उगाच चाचपला आणि म्हणाले की मला, म्हणजे, वाटायचं, तुझ्या हातून नकळत...

"काय वाटायचं ते एकतीस वर्षं ऐकू येत होतं," बाई म्हणाल्या. "नळाच्या आवाजातसुद्धा." त्यांनी कार्ड त्यांच्यापुढं टाकलं. "तुम्हीही ऐकलंत ना आज? मग करा सही."

"अगं, मी कुठं गिऱ्हाईक..."

"तुम्ही तर पहिलं गिऱ्हाईक."

काकांनी खिसे चाचपले. पेन नव्हतं. बाईंनी आपलं दिलं नाही. ते चावीवाल्याकडे जाऊन मागून आले, आणि ताईंच्या गोल सहीखाली त्यांनी वाकून, जीभ दातात धरून, पूर्ण नाव लिहिलं.

रविवारी शोकसभा झाली. चावीवाला जाऊन आला होता. डॉक्टरनं वाजवलंच नाही म्हणे, बोट दुखावलंय असं सांगितलं. स्पीकर मात्र काचेच्या पेटीत होता, खाली पाटी, 'हीच ती डरकाळी', आणि लोक रांगेनं येऊन काचेला कपाळ टेकवत होते. रडत होते, बाई, खरं रडत होते. आणि डावीकडच्या तिसऱ्या खांबामागं, त्यानं पुढं सांगितलं, एक अक्षर ऐकू येत नव्हतं.

सोमवारी साडेनऊला बाईंनी शटर वर केलं. गन तापत ठेवली. फोन वाजला, पन्नाशीतला शिकलेला आवाज आला, आणि नेहमीची शिवी आली. बाईंनी ती पूर्ण होऊ दिली.

"कार्ड दुकानाच्या काचेला लावलंय," त्या म्हणाल्या. "रस्त्यावरून वाचता येईल असं. खाली तीन सह्या आहेत. पहिली चौकातल्या दातांच्या डॉक्टरची, नाव सुटं सुटं लिहिलंय. वाचायला या. नाहीतर दात दाखवायला जाल तेव्हा त्यालाच विचारा. पण तोंड उघडायच्या आधी विचारा, नंतर बोलता येत नाही."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला, या वेळी अगदी हलक्या हातानं ठेवल्यासारखा. बाईंनी तो आवाज नीट ऐकला, मान डोलावली आणि टेबलावरचा पुढचा रेडिओ जवळ ओढला.